घरच्या बातम्या आणि एका आजींचा निरोप : प्रकरण अभ्यास

आयुष्याच्या अखेरीला आलेल्या माणसांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या टीममध्ये मी समुपदेशक आहे. औषधं, वेदना, जखमा हे डॉक्टर आणि नर्स बघतात. माझ्या वाट्याला घर येतं. हे प्रकरण अशाच एका घराचं आहे. ते ओळखू येऊ नये म्हणून वयं, नाती आणि घटनांचा क्रम बदलला आहे, काही तपशील दुसऱ्या मिळत्याजुळत्या घरांतून घेतले आहेत.

प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. घरातली सगळ्यांत मोठी बाई जायच्या वाटेवर असते, तेव्हा घर तिच्यासाठी थांबत नाही. कुणाला दूर जायचं असतं, कुणाचा संसार मोडतो, कुणाकडे बाळ येणार असतं, कधी राहती जागाच सोडावी लागते. हे तिला सांगायचं की तिच्यापासून लांब ठेवायचं? माझं मत आधीच सांगते. तिला घरच्या बातम्यांपासून दूर ठेवलं की तिच्या हातातला कारभार आपण परस्पर काढून घेतो, आणि तो कुणाच्या तरी हाती देऊन निघण्याची तिची संधीही जाते. असं का वाटतं, आणि ह्या मताला कुठे मुरड घालावी लागते, हे दोन्ही ह्या घरात दिसलं.

आजी आणि त्यांचं घर

आजी नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. हार्ट फेल्युअर, आणि त्याच्या जोडीला मूत्रपिंडांचं काम मंदावलेलं. ही जोडी अवघड असते. लघवी वाढवणारी गोळी वाढवली की सूज आणि धाप उतरते, पण मूत्रपिंडांवर ताण येतो. गोळी कमी केली की फुप्फुसांत पाणी साचायला लागतं. वर्षभर त्यांचं रुग्णालयात जाणं-येणं चालू होतं. दर वेळी त्या घरी परतत, पण आधी जिथे होत्या तिथवर पोचत नसत. काठीवरून वॉकरवर आल्या, वॉकरवरून खुर्चीत.

हृदयाच्या आजाराचा उतार सरळ नसतो. घसरण होते, थोडं सावरतं, पुन्हा घसरण. त्यामुळे घरच्यांना प्रत्येक वेळी वाटतं, मागे निभावलं तसं आताही निभावेल. कॅन्सरमध्ये शेवटची उतरण बऱ्याचदा लक्षात येते. इथे ती चटकन दिसत नाही आणि बोलायची वेळ निघून जाते. म्हातारपणातली क्षीणता मोजायला डॉक्टर क्लिनिकल फ्रेल्टी स्केल वापरतात. केनेथ रॉकवूड आणि सहकाऱ्यांनी ती २००५ साली मांडली, आणि आज ती १ ते ९ अशी आहे. ७ म्हणजे अंघोळ, कपडे अशा स्वतःच्या कामांसाठीही पूर्ण परावलंबी, पण तब्येत स्थिर. ८ म्हणजे परावलंबी आणि अखेर जवळ आलेली. आमच्या डॉक्टरांनी आजींच्या कागदावर लिहिलं होतं, ‘७ वरून ८ कडे’.

डोकं मात्र स्वच्छ होतं. संध्याकाळनंतर कधीमधी गोंधळ व्हायचा, तेवढाच.

ह्या घरातलं त्यांचं स्थान समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. त्यांच्याकडे एक जाड वही होती. कुणाचा जन्म कधीचा, कुणाला कुठल्या औषधाची ॲलर्जी, कुणाकडून काय उसनं आलं आणि कधी फिटलं, कुणाचं कशावरून बिनसलं आणि कसं मिटलं, सगळं तीत होतं. वहीपेक्षा मोठी गोष्ट अशी की मुलं एकमेकांशी आईमार्फत बोलायची. थोरल्याला धाकट्याची खबर आईकडून कळायची, परदेशातल्या मुलीचा फोन आधी आईला यायचा. मोठ्या भावाला काही सांगायचं असलं की धाकटा आईच्या कानावर घालायचा. बऱ्याच घरांत एक बाई असा दुवा असते. ती गेली की माणसं एकमेकांशी सरळ बोलायला शिकतात, नाहीतर हळूहळू पांगतात. त्यामुळे तिच्या निरोपाची तयारी म्हणजे ह्या बोलण्याचीही तयारी असते.

आम्ही गेलो तेव्हा घरात चार गोष्टी आजींपासून लपवलेल्या होत्या. राहतं घर सोडून लहान जागेत जायचं ठरलं होतं. नातू शिकायला परदेशी निघाला होता. धाकटा मुलगा बायकोपासून वेगळा झाला होता. आणि आजींची धाकटी बहीण वारली होती. फक्त नात गरोदर असल्याचं सांगितलेलं, कारण ती आनंदाची बातमी.

लपवायला कष्ट पडत होते. फोन जिन्यात जाऊन घ्यायचे. बांधलेली खोकी मागच्या खोलीत कोंडलेली, तिचं दार कायम लावलेलं. सणासमारंभाला धाकट्याची बायको का दिसत नाही, ह्याची कारणं ठरवून ठेवलेली, आणि कुणी कुठलं कारण दिलं हे लक्षात ठेवणं सुनेकडे. ती मला म्हणाली, “आईंचं सगळं करताना मी थकत नाही. हे सांभाळताना थकते.”

दारातलं बोलणं

पहिल्याच दिवशी थोरल्या मुलाने मला दारात थांबवलं. “आईला ह्यातलं काही बोलू नका. तिचं हृदय सहन करणार नाही.” हे वाक्य आमच्या कामात फार वेळा ऐकू येतं. मी त्यावर वाद घालत नाही. त्यामागे प्रेम असतं, आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्यालाच ती बातमी अजून पेलवत नसते. मी विचारलं, “सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तिला वाटेल, आम्ही तिच्याशिवायच सगळं ठरवायला लागलो.”

पुढचं सगळं त्या उत्तरात होतं. तब्येतीच्या भीतीमागे आणखी एक भीती लपलेली होती. आईच्या जागी बसण्याचं त्याला भय वाटत होतं.

आमच्यात एवढंच ठरलं की मी आपणहून काही सांगणार नाही, पण आजींनी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तो कबूल झाला. असा करार आधी केलेला बरा. नाहीतर घरचे समुपदेशकाला दाराबाहेर ठेवतात किंवा आपल्या नाटकात सामील करून घेतात.

आजींना मी एकच विचारलं, “घरात सध्या काय चाललंय असं तुम्हाला वाटतं?”

त्यांनी आधी सून खोलीत नाही ना ते पाहिलं. मग सांगायला लागल्या. घर हलवताहेत, मागच्या खोलीतून चिकटपट्टी ओढल्याचे आवाज येतात. नातवाचं तिकीट निघालंय, तो हल्ली माझ्याकडे बघताना मध्येच उठून जातो. आणि बहीण. “ती गेली ना? इतके दिवस फोन न करता राहणारी नाही ती. मुलं सांगत नाहीत, मी विचारत नाही. त्यांना तेवढंच बरं वाटतं.”

चारपैकी तीन गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. फक्त धाकट्याचं माहीत नव्हतं.

बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस ह्या समाजशास्त्रज्ञांनी रुग्णालयांत अभ्यास करून १९६५ साली मरणासन्न माणूस आणि त्याच्या भोवतालचे लोक ह्यांच्यातल्या ‘माहीत असण्या’चे चार प्रकार मांडले. रुग्णाला काहीच माहीत नसतं. त्याला संशय असतो. दोघांनाही माहीत असतं पण दोघंही माहीत नसल्यासारखे वागतात. किंवा दोघं उघडपणे बोलतात. तिसरा प्रकार इतक्या वर्षांनंतरही मला घरोघर दिसतो. तो टिकून राहतो, कारण दोन्ही बाजूंना वाटतं की आपण समोरच्याला सांभाळतोय. आजी मुलांना सांभाळत होत्या, मुलं आजींना. आणि बहिणीसाठी रडायला आजींना ह्या घरात जागा नव्हती. रडल्या असत्या तर त्यांना कळलंय हे उघड झालं असतं.

सांगावं की नाही

घरची बैठक झाली. परदेशातली मुलगी व्हिडिओवर होती. तिचा ठाम विरोध होता. “आता सांगून काय मिळणार? शेवटचे दिवस आहेत, शांतपणे जाऊ दे तिला.” तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आजाराबद्दल मोकळं बोलल्याने माणूस खचतो का, ह्यावर अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत ॲलेक्सी राइट आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅन्सर खूप पुढे गेलेले ३३२ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी माणसं होती. अखेरीबद्दल डॉक्टरांशी बोलणं झालेल्या रुग्णांत नैराश्य किंवा चिंता जास्त आढळली नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांच्यावर व्हेंटिलेटरसारखे जड उपचार कमी झाले. मी हे घरच्यांना सांगितलं, आणि हेही सांगितलं की तो अभ्यास कॅन्सरच्या रुग्णांचा आणि आजाराविषयीच्या बोलण्याचा आहे. मुलाच्या मोडलेल्या संसाराची बातमी आईला द्यावी का, ह्याचं उत्तर त्यात नाही. ते घरच्यांनीच शोधायचं असतं.

माझ्या मताला जिथे मुरड पडते ती जागा इथे सांगते. स्मृतिभ्रंश पुढे गेलेल्या माणसाला मृत्यूची बातमी पुन्हा पुन्हा देऊ नये. त्याला ती दर वेळी नवी असते, दर वेळी पहिल्या धक्क्याइतकीच लागते, आणि सांगितल्याचा उपयोग टिकत नाही. अशा वेळी बातमी बाजूला ठेवून त्या माणसाच्या मनात जे उठलंय त्याला उत्तर द्यावं. आजींना संध्याकाळी भ्रम व्हायचा, म्हणून आम्ही ठरवलं की जे सांगायचं ते सकाळी. आणि अंधार पडल्यावर त्यांनी “बहीण आली का?” असं विचारलं तर बातमी उगाळायची नाही. “तिची आठवण येतेय का?” असं विचारायचं आणि जवळ बसायचं.

आजींना तीन गोष्टी माहीत आहेत हे मी बैठकीत सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे आजींचं होतं. मी एवढंच सुचवलं की कुणीतरी त्यांना विचारून बघावं.

थोरल्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, बहिणीपासूनच सुरुवात केली. तो नंतर मला सांगत होता. त्याने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “कशी गेली ते सांग.” तो सांगत गेला. त्या खूप रडल्या. सून घाबरली, गोळी द्यायची का म्हणून नर्सला फोन लावला. नर्सने नाडी आणि श्वास विचारून घेतले आणि शांतपणे सांगितलं, रडू द्या. रडून झाल्यावर त्यांनी भाचीला फोन लावायला लावला आणि बराच वेळ बोलल्या. मग थोरल्याला झापलं. बहिणीसाठी झापलं नाही. “माझं कपाट कुठल्या भिंतीला लावणार ते कुणी विचारलं का मला?” म्हणून झापलं.

घर सोडण्याचं दुःख त्यांना होतं, पण ते त्यांनी आधीच पचवलं होतं. पचलं नव्हतं ते न विचारलं जाणं.

कामाचं लिहा

त्यानंतरचे आठवडे ह्या प्रकरणातला सगळ्यांत समृद्ध काळ होता, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

बांधलेली खोकी आजींच्या पलंगाजवळ आणून पुन्हा उघडली गेली. काय न्यायचं, काय कुणाला द्यायचं, काय टाकायचं हे त्या पडल्यापडल्या सांगत. दमल्या की डोळे मिटत, सून थांबे, तासाभराने काम पुन्हा सुरू. हलवाहलव लांबली. थोरल्याला आधी त्याचा त्रास झाला, मग त्याने स्वतःच गाडीवाल्याची तारीख पुढे ढकलली.

आमच्या क्षेत्रात ‘डिग्निटी थेरपी’ म्हणून एक पद्धत आहे. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह ह्यांनी ती घडवली. रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारतात, तुमच्या आयुष्यातला महत्त्वाचा काळ कुठला, घरच्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं, त्यांना काय सांगायचं राहिलंय. उत्तरं ध्वनिमुद्रित करून, नीट लिहून कुटुंबाला देतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या अभ्यासात ९१ टक्के रुग्णांनी समाधान सांगितलं आणि ७६ टक्क्यांना आपली प्रतिष्ठा वाढल्यासारखं वाटलं. पुढे २०११ साली मोठी तुलनात्मक चाचणी झाली. तीत मनाचा त्रास मोजणाऱ्या मुख्य मापांवर इतर पद्धतींच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही, तरी रुग्णांनी स्वतः मात्र ती जास्त उपयोगी पडल्याचं सांगितलं. मला ह्यावरून इतकंच वाटतं की पद्धत चांगली आहे आणि ती माणूस पाहून वापरावी.

आजींनी तर पहिल्याच प्रश्नाला हात झटकला. “माझी गोष्ट नको. कामाचं लिहा.”

मग कामाचं लिहिलं गेलं. नात ऑफिसचं काम घरून करत होती, ती दुपारी वही घेऊन बसायची. आजी एकेक पान वाचून घेत आणि त्यात भर घालत. हा हिशेब फिटलाय, खोडून टाक. ह्या घराशी आपलं बोलणं नाही, पण दोष आपला होता, तुम्ही बोला. अमक्याला रक्तदाब आहे, तो सांगणार नाही, तुम्ही विचारत जा. वहीच्या निमित्ताने त्यांची गोष्टही आलीच, फक्त कुणी मुद्दाम विचारली नव्हती. एका पानावर एका बाळाची जन्मतारीख होती, आणि त्याचं नाव घरात कुणाला माहीत नव्हतं. ते आजींचं पहिलं मूल. काही आठवड्यांत गेलेलं. नातीने मला हे सांगितलं तेव्हा तिचा सातवा महिना चालू होता. ती त्या पानाला घाबरली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “नाही. आजी इतकी वर्षं एकटीच त्याची तारीख सांभाळत होती. आता मलाही माहीत आहे.”

मग नातू. त्याने जाणं पुढे ढकलावं का, ह्यावर घरात खल झाला. पुढे ढकललं असतं तर प्रवेश जाण्याची शक्यता होती, आणि त्याला आजीच्या मरणाची वाट पाहत घरी बसावं लागलं असतं. ह्यात कुणालाच सुख नव्हतं. आजींनी निकाल दिला, जा. निघायच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, “मी परत येईन तेव्हा तू नसशील ना?” “नसेन,” त्या म्हणाल्या. मग त्याला काम दिलं. दर रविवारी काकाला फोन करायचा. “त्याला फोन करायला आता मी असणार नाही.” इतक्या सरळ शब्दांत निरोप घेता आला, कारण तो जाणार हे लपवायचं राहिलं नव्हतं. तिकीट गुपित राहिलं असतं तर तो बाजारात जाऊन येतो म्हणून निघाला असता.

धाकटा

सगळंच असं जुळून आलं नाही.

धाकट्याची गोष्ट आजींना माहीत नव्हती. त्याने स्वतःच सांगावं असं सगळ्यांचं मत पडलं. तो टाळत राहिला. बहिणीने दूरवरून त्याला टाळायलाच सांगितलं. शेवटी तो आला आणि त्याने सांगितलं. आजी संतापल्या. संसार मोडला ह्यापेक्षा जास्त राग ह्याचा होता की धाकट्या सुनेने, जिला त्यांनी लेकीसारखं धरलं होतं, निघताना भेटायचंही नाही का. तिला भेटू दिलं नव्हतं, हे मग धाकट्याला सांगावं लागलं. त्यानंतर बरेच दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो यायचा, पायांशी बसायचा आणि निघून जायचा.

ह्या काळात त्यांची झोप बिघडली. धाप आधीपेक्षा जास्त लागायची. आजार पुढे सरकत होता की मनाचा ताण होता, हे वेगळं काढता येत नाही. डॉक्टरांनी धापेसाठी ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं औषध, अगदी लहान मात्रेत सुरू केलं. मूत्रपिंडं कमजोर असली की मॉर्फिनचे घटक शरीरात साचू शकतात, म्हणून औषध आणि मात्रा जपून ठरवावी लागते. चेहऱ्यावर हलका वारा येईल असा छोटा पंखा ठेवला. धाप कमी वाटायला त्याने खरोखर मदत होते, तसं चाचण्यांतही दिसलं आहे.

आजींनी स्वतःहून मौन सोडलं, पण धाकट्याजवळ नाही. थोरल्याला बोलावून म्हणाल्या, “त्याला एकटा पाडू नका. मला राग आहे, तो माझा माझ्याजवळ. तुम्ही धरू नका.” थोरल्याने ते धाकट्याला सांगितलं. आईचा निरोप भावाने भावाला तोंडाने सांगण्याची ह्या घरातली ही पहिलीच वेळ असावी. नंतर आजी त्याच्याशी बोलल्या, पण तुटक. गळाभेट, माफी, असं काही झालं नाही.

नवं घर आणि शेवटचे आठवडे

हलवावं की नाही, ह्यावर आमच्या टीममध्येही दोन मतं होती. इतक्या क्षीण माणसाला नव्या जागी भ्रम होण्याचा धोका मोठा असतो. पण जुनी जागा सोडण्याची मुदत आली होती, आणि आजींना कपाट कुठे लागलं ते बघायचं होतं. पलंग त्याच दिशेला, खिडकी त्याच हाताला, समोर मोठ्या अंकांचं घड्याळ, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी, रात्री मंद दिवा. एवढं करूनही पहिल्या काही रात्री त्या गोंधळल्या, उठून ‘घरी’ जायला निघाल्या. अशा वेळी नुसतं ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नये. लघवी अडली आहे का, पोट साफ आहे का, जंतुसंसर्ग आहे का, कुठल्या औषधाचा परिणाम आहे का, हे बघावं लागतं. नर्सने बघितलं. पोट साफ झाल्यावर फरक पडला.

मग खाणं कमी होत गेलं आणि जवळजवळ थांबलं. घराघरांत सगळ्यांत जास्त घालमेल इथे होते. थोरल्याने सलाइन लावण्याचा आग्रह धरला. हृदय आणि मूत्रपिंडं दोन्ही थकलेली असताना बाहेरून दिलेलं पाणी फुप्फुसांत आणि पायांत साचतं, हे डॉक्टरांनी समजावलं. एदुआर्दो ब्रुएरा ह्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या १२९ रुग्णांपैकी काहींना रोज एक लिटर आणि बाकीच्यांना केवळ १०० मिलिलिटर सलाइन दिलं. लक्षणांत किंवा आयुष्यात ठळक फरक पडला नाही. सुनेने विचारलं, “मग आम्ही करायचं काय?” तोंड ओलं ठेवायचं. ओल्या स्पंजने हिरड्या आणि जीभ पुसायची, ओठांना मलम लावायचं. हे काम लहान दिसतं, पण कोरड्या तोंडाचा त्रास ह्यानेच हटतो, आणि घरच्या हातांना करायला काही उरतं.

शेवटच्या दिवसांत श्वासाची लय बदलली. श्वास वाढत जाऊन कमी व्हायचा, मग काही क्षण थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. जॉन चेन ह्यांनी १८१८ साली आणि विल्यम स्टोक्स ह्यांनी १८५४ साली वर्णन केलेला हा श्वास पाहणाऱ्याला भयंकर वाटतो. तो बघायला मिळेल हे आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून कुणी रुग्णवाहिका बोलावली नाही.

आजी डोळे उघडेनाशा झाल्यावर मुलीचा फोन आला. ऐकू येत असेल का, तिने विचारलं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हॉस्पिसमधल्या, म्हणजे अखेरीच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेतल्या, प्रतिसाद थांबलेल्या काही रुग्णांच्या मेंदूनेही आवाजातल्या बदलांना प्रतिक्रिया दिल्याचं दिसलं होतं. शब्दांचा अर्थ पोचतो की नाही हे त्यातून कळत नाही. मी तिला हे असंच सांगितलं. ती बोलली. सुनेने फोन त्यांच्या कानाशी धरला.

आजी गेल्या तेव्हा सून जवळ होती. थोरला नव्या जागेच्या कागदांसाठी बाहेर गेला होता. नंतर तो ह्याच गोष्टीवर अडून राहिला, “मी तेवढा नव्हतो.” मी त्याला सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं, की ह्या आधीच्या कित्येक सकाळी तू होतास. बहिणीची बातमी देणारा तू होतास.

त्यानंतर

दुःखाच्या ठरावीक पायऱ्या असतात हा समज अजून पक्का आहे. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट ह्यांनी १९९९ साली मांडलेलं चित्र मला घरांत जास्त खरं दिसतं. माणूस गेलेल्याच्या दुःखाकडे जातो, तिथून बदललेल्या रोजच्या कामांकडे येतो, आणि अशा येरझारा चालू राहतात. ह्या घरात कामं भरपूर होती. नव्या जागेचं मार्गी लावायचं होतं, काही आठवड्यांत नातीचं बाळ आलं. थोरला कामांकडे इतका वळला की दुःखाकडे येईचना. सुनेचं उलट. कित्येक वर्षं दिवसाचा प्रत्येक तास आजींच्या वेळापत्रकाने ठरलेला, तो एकदम रिकामा झाला. लोक मुलांचं सांत्वन करायला येत, तिला फार कुणी विचारत नसे. सासूसाठी सून इतकं का रडते, असंही कुणी म्हणालं. तिच्याकडे मी जास्त वेळा गेले. आयसीडी-११ ह्या जागतिक आजार-सूचीत लांबलेल्या शोकाचं निदान आहे, आणि तीव्र, रोजचं जगणं अडवणारं दुःख किमान सहा महिने टिकलं तरच त्याचा विचार होतो. ती त्या वळणावर गेली नाही. झोप मात्र परत येईना, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं, आणि वही पुढे चालवायचं काम तिने नातीकडून मागून घेतलं.

धाकट्याने शोकगटात यायला नकार दिला. रविवारचा फोन मात्र येतो, पुतण्याचा. सुरुवातीला दोन वाक्यांत संपायचा.

परदेशातल्या मुलीचं मत बदललेलं नाही. धाकट्याची बातमी सांगायला नको होती, आईचे शेवटचे आठवडे त्या रागात गेले, असं ती आजही म्हणते. ती चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. त्या बिघडलेल्या झोपेचं कारण मला माहीत नाही. धाकटा म्हणतो, आई खोट्या सुखात गेली असती तर मला घरात तोंड दाखवता आलं नसतं. ह्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. थेट एकमेकांना फोन करून झालं, आणि अजून अधूनमधून होतं.